बत्तिशीतून आठ वजा

पहाटे ५.४०

गजर व्हायच्या आधीच जाग येते, ती ऑफिसात रात्रभर चालू असलेल्या रनमुळे. काल निघताना मशीनला एकच गोष्ट विचारून आले होते: अर्ध्या मीटरच्या उंचीत चोवीस पट्ट्या नेमक्या कुठे कुठे बसवू? गॅसवर दूध ठेवते आणि लॅपटॉप उघडते. उत्तर आलंय. सगळ्यात उंच साइडलोब मुख्य झोताच्या २०.६ डेसिबल खाली. कागदावर तरी जमलं.

कागदावर म्हणायचं कारण असं, की अशीच एक आधीची मांडणी गेल्या महिन्यात प्रत्यक्ष बनवून घेतली आहे आणि आज तिची चेंबरमध्ये परीक्षा आहे. गणितात तिचा आकडा २०.२ होता.

आई उठून स्वयंपाकघरात येते. "आलं का गं तुझं उत्तर?" डेसिबल म्हणजे काय हे तिने कधी विचारलेलं नाही, पण रन लावलेली रात्र तिला माझ्या चेहऱ्यावरून कळते. "आलं," म्हटल्यावर ती कपबशा काढते.

७.५०

बावधनला ऑफिसात पोचले की आधी गच्चीवर जायचं, ही माझी सवय. आज हवा स्वच्छ आहे. दक्षिणेला सिंहगड आणि त्यावरचा टॉवर स्पष्ट दिसतो. इथून साधारण सतरा किलोमीटर. गड पुण्याच्या जमिनीपासून साडेसातशे मीटर उंच असला, तरी या गच्चीवरून तो क्षितिजाच्या वर जेमतेम अडीच अंश चढतो. माझ्या कामातली सगळी अडचण या अडीच अंशांत आहे.

आम्ही पावसाच्या रडारचं पॅनेल बनवतो. फ्रिक्वेन्सी ९.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे लाट सुमारे ३२ मिलिमीटर लांब. पॅनेल आडवं गोल फिरतं, आणि झोत वर-खाली हलवायचं काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. त्यासाठी पॅचच्या आडव्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीला तिचा स्वतंत्र पाठवण्या-घेण्याचा मोड्यूल असतो. पट्ट्यांमध्ये अर्धी लाट, म्हणजे १६ मिलिमीटर अंतर ठेवलं, तर अर्ध्या मीटरच्या उंचीत बत्तीस पट्ट्या बसतात. पुस्तकात असंच असतं.

दिवा कितीही नीट एका दिशेला रोखला तरी आजूबाजूला कवडसे पडतातच. अँटेनाचे कवडसे म्हणजे साइडलोब. समान अंतराच्या, समान जोराच्या पट्ट्या असल्या की पहिला साइडलोब मुख्य झोतापेक्षा फक्त १३ डेसिबल खाली राहतो. रडारमध्ये लाट त्याच वाटेने जाते आणि त्याच वाटेने परत येते, म्हणून हे १३ दोनदा मोजायचे: २६.

आता हा गड घ्या. अशा डोंगराचा प्रतिध्वनी ६० डीबीझेडपर्यंत सहज जातो. डीबीझेड हे पावसाच्या प्रतिध्वनीचं माप. समजा, झोत वर ढगाकडे बघतोय आणि साइडलोब खाली गडाला लागला. ६० मधून २६ गेले, राहिले ३४. पडद्यावर ३४ डीबीझेड म्हणजे ताशी पाचेक मिलिमीटर पाऊस, आणि तोही मोकळ्या आकाशात. साइडलोब २० डेसिबल खाली नेला तर ६० उणे ४० होतात आणि उरतात २०. ताशी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा भुरभुर पाऊस. तोही खोटाच, पण डॉप्लरच्या गाळणीत स्थिर डोंगर म्हणून तो बऱ्यापैकी निघतो. मोठा खोटा पाऊस गाळायला गेलं की रडारच्या दृष्टीने जागच्या जागी थांबलेला खरा पाऊसही सोबत पुसला जातो. डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या गावासाठी नेमका तोच पाऊस महत्त्वाचा असू शकतो. सात डेसिबलसाठी मी महिनोन्‌महिने का घालवते, याचं उत्तर मला रोज सकाळी या गच्चीवर पुन्हा मिळतं.

८.३०

आठ पट्ट्या काढायच्या कशासाठी, तर पैसा आणि उष्णता यांच्यासाठी. आठ मोड्यूल, आठ फेज शिफ्टर, त्यांच्या केबली, त्यांना थंड ठेवायची व्यवस्था, सगळं कमी होतं. स्वस्त झालेलं रडार जास्त ठिकाणी उभं राहू शकतं. पण झोत रुंद होता कामा नये, म्हणजे उंची तीच, अर्धा मीटर. बत्तिशीतले आठ दात काढायचे आणि तरी घास तेवढाच घ्यायचा.

याची किंमत मी कधी लपवत नाही. पट्ट्या चोवीस झाल्या की घेताना सव्वा डेसिबल गेन जातो. पाठवताना शक्तीही कमी आणि एकवटणंही कमी, म्हणून अडीच डेसिबल. त्यामुळे हलका पाऊस थोडा अलीकडेच दिसेनासा होतो. हे ग्राहकाला पहिल्या बैठकीतच सांगायचं, असा माझा आग्रह असतो.

आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी नाशिकहून आलेला एक मुलगा आहे. हुशार आहे आणि घाई करतो. सुरुवातीलाच त्याने विचारलं होतं, "मॅडम, बत्तीस जागांतल्या कुठल्या आठ रिकाम्या ठेवायच्या, एवढंच ना? सगळ्या तपासू या की." मी म्हटलं, तपास. बत्तिसातून आठ निवडायचे १,०५,१८,३०० मार्ग आहेत. वरचा आणि खालचा अर्धा सारखाच ठेवायचा म्हटलं तर सोळांतून चार, म्हणजे फक्त १,८२०. त्याचा प्रोग्रॅम चहा यायच्या आत संपला. मोठ्या आनंदाने त्याने पहिला नंबर आलेली मांडणी दाखवली. मी ती कागदावर काढायला लावली. मशीनने टोकाच्याच पट्ट्या काढून टाकल्या होत्या! अँटेना आखूड केली, झोत रुंद केला आणि साइडलोब कमी झाले म्हणून सांगितलं. मशीन खोटं बोललं नव्हतं, विचारणारा एक अट विसरला होता. टोकाची पट्टी ठेवायचीच असं बजावल्यावर १,३६५ मांडण्या उरल्या, आणि त्यांतली उत्तमातली उत्तमही वीस डेसिबलच्या अलीकडेच अडकली.

मोठ्या अ‍ॅरेला ठरलेल्या जागांतून निवडणं पुरतं. १९९४ मध्ये रँडी हॉप्ट यांनी जेनेटिक अल्गोरिदम वापरून २०० एलिमेंटच्या रांगेतले साधारण तेवीस टक्के एलिमेंट बंद केले आणि साइडलोब २२ डेसिबल खाली नेले. बत्तीस जागांना तेवढी मोकळीक नसते. जागा इतक्या थोड्या असल्या की सोळा मिलिमीटरचा आखलेला कागदच फेकून द्यावा लागतो आणि प्रत्येक पट्टी हवी तिथे सरकवावी लागते.

९.२०

आज त्याला तेच हाताने करायला बसवलंय. संगणक बंद, समोर ग्राफ पेपर.

साइडलोब दाबायचा जुना, चोख उपाय म्हणजे मधल्या एलिमेंटना जास्त जोर आणि टोकाच्यांना कमी. डॉल्फ यांनी १९४६ मध्ये चेबिशेव्हच्या बहुपदींवरून ही वजनं काढून दिली, आणि टेलर यांनी १९५५ मध्ये त्याचा अखंड अ‍ॅपर्चरला चालेल असा वक्र दिला. पण आमच्या मोड्यूलमधला शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरावर चालतो तेव्हाच शक्तीचं चीज करतो. टोकाच्याला अर्ध्या जोरावर चालवायचं म्हणजे विकत घेतलेली शक्ती उष्णता करून फेकायची. घेताना वजनं देता येतात आणि आम्ही थोडी देतोही. अडतं ते पाठवताना. म्हणून जोर सगळ्यांचा सारखा आणि अंतर कमी-जास्त, ही वाट घ्यावी लागते. १९६० मध्ये उन्झ यांनी आणि १९६१ मध्ये हॅरिंग्टन यांनी ती गणितात दाखवली, आणि १९६४ मध्ये स्कोल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रडारवाल्यांच्या हातात दिली.

मुलाने ग्राफ पेपरवर टेलरचा वक्र काढला: मधे उंच, कडेला उतरता, पण कडेलाही शून्यावर न टेकणारा. आता वक्राखालचे चौकोन मोजायचे आणि त्या क्षेत्राचे चोवीस सारखे वाटे करायचे. मधले वाटे अरुंद आणि उंच येतात, कडेचे बुटके आणि रुंद. प्रत्येक वाट्याच्या मध्यावर एक पट्टी. झालं. तो पेन्सिलने बारीक टिंबं देत चौकोन मोजतो, चुकतो, खोडतो, पुन्हा मोजतो. तासाभराने रेघा उमटतात: मधे १६ मिलिमीटरवर दाटलेल्या, टोकाकडे जाताना दुपटीएवढ्या पांगलेल्या. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहतो. "म्हणजे मॅडम, दाटीच जोराचं काम करते." हे मी सांगून त्याला कळलं नसतं. चौकोन मोजूनच कळतं.

मशीनला रात्री दिलेली सुरुवात हीच होती. पुढे ते प्रत्येक पट्टी अर्धा-एक मिलिमीटर इकडे-तिकडे ढकलत बसतं. कारण या वाटणीत जवळचे साइडलोब छान बसतात आणि लांबचे उठतात. पाण्याने भरलेली पखाल एका जागी दाबली की दुसरीकडे फुगते, तसं. पट्ट्या कमी असल्या की पाणी तेवढंच आणि दाबायला हात कमी.

१०.४५

चेंबरचा दरवाजा बंद झाला की कानात दडे बसल्यासारखं होतं. भिंती, छत, जमीन, सगळीकडे निळ्या फोमचे सुळके, लाटा गिळून टाकणारे. पॅनेल मध्यभागी उभं आहे.

अर्ध्या मीटरच्या या अँटेनाचा खरा पॅटर्न दिसायला पावणेसोळा मीटर लांब जावं लागतं आणि आमचं चेंबर तेवढं नाही. म्हणून जवळूनच मोजतो: पॅनेलसमोर एक छोटा प्रोब दर १५ मिलिमीटरला थांबत नांगरासारखे तास घेत वर-खाली जातो, प्रत्येक ठिकाणी जोर आणि फेज टिपतो, आणि लांबचं चित्र गणिताने काढलं जातं. स्कॅनला दोन तास लागतात. या वेळात चेंबरच्या आसपास कोणी दार आपटलं तरी माझा जीव वर-खाली होतो.

१.१५

डबे. मुलाने विचारलं, असं पांगवून ठेवलेलं काही चालू अवस्थेत आहे का कुठे? अरे, नारायणगावजवळ खोडदला जा, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे सगळ्यांना बघू देतात. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश आहेत. चौदा साधारण एक किलोमीटरच्या चौकात, मुद्दाम एका ओळीत न ठेवलेल्या, आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, जास्तीत जास्त पंचवीस किलोमीटरच्या अंतरात. पंचवीस किलोमीटर डिशनी भरायचे म्हटले तर कुठल्या सरकारला परवडेल? पण तीस डिशच्या जोड्या होतात ४३५, आणि शक्यतो प्रत्येक जोडीचं अंतर आणि दिशा वेगळी पडेल अशी मांडणी केली, की रिकाम्या जागेचंही काम त्या जोड्या करतात. वर पृथ्वी फिरते, त्यामुळे जोड्यांच्या दिशा आकाशाच्या तुलनेत वळत राहतात आणि आणखी जागा भरते. आम्हाला ती सोय नाही. ढग काही बारा तास आमच्यासाठी थांबत नाही.

त्याच्याही आधी गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या १.८ मीटरच्या बत्तीस डिश उभ्या केल्या होत्या. चोवीस पूर्व-पश्चिम ६३० मीटरमध्ये, आठ उत्तर-दक्षिण. बत्तीस, चोवीस आणि आठ! आमचेच आकडे ऐकून मुलगा जेवायचा थांबला. योगायोगच आहे, पण मलाही तो पहिल्यांदा वाचताना फार आवडला होता. तिथे अंतरं मोठी आणि सारखी, त्यामुळे मुख्य झोतासारखेच अनेक झोत तयार होत. आमच्या धंद्यात त्यांना ग्रेटिंग लोब म्हणतात आणि त्यांना आम्ही घाबरतो. कल्याणला सूर्य बघायचा होता. झोतांमधलं अंतर सूर्यापेक्षा मोठं ठेवलं की एका वेळी एकच झोत सूर्यावर पडतो, आणि पृथ्वी फिरते तशी तो एकेका झोतातून सरकत जातो. आम्ही जिला खोट म्हणतो, तिच्यावर त्यांनी दुर्बीण उभी केली. कवडसा वाईट की चांगला हे तो कशावर पडतो त्यावर ठरतं. जेवण झाल्यावरही हे माझ्या डोक्यात राहिलं.

२.०५

स्कॅनचं चित्र आलं. मुख्य झोत बरोबर जागेवर. सगळ्यात उंच साइडलोब उणे १७.८.

२०.२ हवे होते. मुलाने माझ्याकडे बघितलं. असा आकडा आला की पोटात खड्डा पडतो, आणि तरी पहिलं वाक्य शांतपणे बोलायचं असतं: "हरकत नाही. कोण चुकलंय ते पॅनेललाच विचारू."

कारणं दोन प्रकारची असतात. पट्ट्यांचं आपसांतलं ओढणं-ढकलणं सगळीकडे थोडं थोडं बिघडवतं. आमच्या मांडणीत प्रत्येकीचे शेजारी वेगळ्या अंतरावर, त्यामुळे प्रत्येकीचा इम्पीडन्स वेगळा आणि टोकाच्या एकाकी. ते गणितात धरलेलं आहे, थोडंफार कमी-जास्त असेल. दुसरं कारण म्हणजे एकच कोणीतरी आजारी असणं. एक पट्टी पूर्ण मेली तर चोविसावा हिस्सा मुख्य झोतातून जातो आणि तेवढाच हिस्सा साइडलोबांत दंगा करायला मोकळा होतो. वाईटात वाईट जागी २०.२ चे १६.७ होतात. बत्तीस असत्या तर हेच नुकसान साडेसतरावर थांबलं असतं. थोड्या माणसांच्या घरात एकाचं आजारपण जास्त जाणवतं.

१७.८ म्हणजे मेलेली नाही, पण आजारी आहे.

३.१०

प्रोबने टिपलेलं सगळं गणिताने उलटं, पॅनेलच्या अंगापर्यंत नेता येतं. याला होलोग्राफी म्हणतात. पडद्यावर चोवीस आडव्या उजळ रेघा उमटतात, मधे दाट, कडेला विरळ, सकाळच्या ग्राफ पेपरसारख्याच. खालून एकोणिसावी फिकट आहे. बाकी सगळ्या जवळपास सारख्या. त्या एकीचा जोर निम्म्याहून खाली आहे आणि फेजही सरकलेली.

मी चेंबरमध्ये जाते, पॅनेलच्या मागे गुडघ्यावर बसते. एकोणिसाव्या पट्टीचा कनेक्टर बाहेरून इतरांसारखाच दिसतो, सोनेरी, नीट बसलेला. बोटाने हळूच फिरवते. फिरतो. जवळजवळ अर्धा आटा सैल.

परवा आमचे असेंब्लीचे काका रजेवर होते आणि शेवटच्या सहा केबली मी स्वतः लावल्या होत्या. पाचांना टॉर्क रेंच लावला, तो ठरलेल्या जोरावर आला की हाताला 'टक्' असं कळतं. सहाव्या वेळी फोन आला, बोटांनी आवळून ठेवला आणि परत आले ती सातवं काम म्हणून झाकण लावायला. हे मी मुलाला तसंच्या तसं सांगितलं. काका मागे उभे होते. त्यांनी काही न बोलता रेंच माझ्या हातात दिला. टक्. मग चोवीसच्या चोवीस पुन्हा तपासले आणि प्रत्येकाच्या नटावर लाल रंगाची रेघ ओढली, सुटला तर दिसावा म्हणून. काका नेहमी ओढतात. मी त्या दिवशी ओढल्या नव्हत्या.

४.००

दुसरं स्कॅन लावलं. खरेदी विभागाचा फोन, लॅमिनेटच्या नव्या दरांवर एक बैठक. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

५.४०

चेंबरचा निकाल यायला अजून वीस मिनिटं. पुन्हा गच्चीवर. ऊन कलतंय, गड निळसर झालाय.

जेवताना बोललेलं डोक्यात फिरतंय. आमचा झोत जसजसा वर चढतो, तसतसा डोंगर साइडलोबांच्या रांगेतून एकेक घर पलीकडे सरकतो. पण तो कायम झोताच्या खालच्या बाजूच्या लोबांत राहणार. वरच्या लोबांसमोर आकाश आणि फार तर उंच ढग. ढगातला जोराचा पाऊसही ५० डीबीझेडच्या आसपास. मग मी दोन्ही बाजू सारख्याच वीसवर का धरून बसले आहे? सवय. समान जोर, सारखी फेज आणि दोन्ही अर्धे सारखे असले की चित्र आरशासारखं येतं, आणि डोळ्याला ते बरं वाटतं.

फेज हातात आहे. वरच्या अर्ध्या पट्ट्यांना पाच-दहा अंश पुढे आणि खालच्या अर्ध्यातल्या त्यांच्या जोडीदारांना तेवढंच मागे, असा बारीक फरक दिला, तर गणित सरळ सांगतं की एका बाजूचा लोब जेवढा खाली दबेल तेवढाच समोरचा वर उठेल. खालचा उणे २२, वरचा उणे १८. डोंगराचे ६० उणे ४४, राहिले १६. वरच्या पावसाचे ५० उणे ३६, राहिले १४. पट्टी एकही वाढवायची नाही, पैसा एकही लागायचा नाही. फेज शिफ्टर सहा बिटचे आहेत, पायरी ५.६ अंशांची. जाडीभरडी आहे, पण एवढ्या कामाला चालेल असं वाटतं. झोत जागेवरून सरकू नये, ही अट मात्र आठवणीने घालायची. त्या टोकाच्या पट्ट्यांसारखं नको.

६.०५

उणे १९.७. राहिलेला अर्धा डेसिबल पट्ट्यांच्या आपसांतल्या ओढाताणीत आहे, तो शोधायला आठवडा लागेल. काकांनी लांबूनच विचारलं, "झालं?" "जवळपास," म्हटलं.

मुलाला गच्चीवरचा विचार फळ्यावर काढून दाखवला. नवा रन लावायचं काम त्याच्यावर सोपवून निघाले.

९.५०

जेवण, भांडी, आईची गोळी. मोबाइल वाजतो. मुलगा अजून ऑफिसातच आहे. त्याने फोटो पाठवलाय: खालची बाजू बसलेली, वरची उठलेली, आरसा मोडलेला. खाली लिहिलंय, "मॅडम, फेजबरोबर जागासुद्धा सरकू दिल्या आणि दोन अर्धे सारखे ठेवायची अट काढली तर? तशीही आता सारखेपणाची गरज नाही ना?"

मी खुर्ची ओढून बसते. अट काढली की बारा जागांऐवजी चोवीस मोकळ्या होतात, रन कितीतरी लांबेल. एका पट्टीला वरच्या अर्ध्यात न्यायचं म्हटलं तर केबलींच्या लांब्या बदलतील, काकांना विचारावं लागेल.

"टोकाच्या दोन धरून ठेव," एवढं लिहिते. "आणि लावून टाक."